स्का : बदनामी संगीताची की श्रोत्यांची?

इंग्लंडात हयात काढलेल्या आपल्या लोकांपुढे 'स्का' हे नाव काढले, की दोन तट पडतात. कोणी तरुणपणच्या आठवणीने खुलतो, तर कोणी "तो गुंडांचा धांगडधिंगा!" म्हणून नाक मुरडतो. ह्या संगीताला ही बदनामी शोभते काय, ह्याचा विचार व्हावयास हवा.

स्का १९५० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात जन्मले. त्यातील गिटारचा आघात ठेक्यावर न पडता दोन ठेक्यांच्या मधल्या जागेवर पडतो. कीर्तनात टाळी देणाऱ्यास हे चटकन उमजेल : आपली टाळी पडून हात उघडतात, त्या क्षणी स्काची गिटार वाजते.

विलायतेत ते रुजविण्यात यहुदी हातही होता. लंडनच्या मेलोडिस्क कंपनीचे एमिल शॅलिट यहुदी होते. त्यांनी १९६० साली काढलेल्या 'ब्लू बीट' ह्या छापाचे नावच इथल्या लोकांनी ह्या संगीताला दिले. मिली स्मॉलचे 'माय बॉय लॉलिपॉप' १९६४ साली ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. त्याचे निर्माते ख्रिस ब्लॅकवेल ह्यांची आई जमैकातील लिंडो ह्या सेफार्दी घराण्यातली.

पहिला आक्षेप संगतीचा. १९६९ च्या सुमारास डोकी भादरलेली पोरे जमैकन तबकड्यांवर नाचत आणि त्यांतली काही रस्त्यात हिंदी-पाकिस्तानी माणसांना बुटांनी तुडवीत. मारणारा "तू यहुदी की मुसलमान?" असे विचारीत नसे, कातडीचा रंग त्याला पुरे होता. त्या भीतीपोटी ज्या आईबापांनी घरात ही गाणी लावू दिली नाहीत, त्यांना मी दोष देणार नाही.

पण पुढची हकीकतही ऐकावी. १९७९ साली कॉव्हेंट्रीत जेरी डॅमर्स ह्यांनी 'टू टोन' कंपनी काढली. त्यांच्या 'द स्पेशल्स' मध्ये काळे-गोरे एकत्र वाजवीत. 'द सिलेक्टर' ची गायिका पॉलिन ब्लॅक हिची जन्मदाती यहुदी, पिता नायजेरियन. एप्रिल १९८१ मध्ये कॉव्हेंट्रीत एका शीख विद्यार्थ्याचा भरदिवसा खून झाला, तेव्हा २० जूनला स्पेशल्सनी वंशद्वेषाविरुद्ध तेथेच जलसा केला. नॅशनल फ्रंटने त्याच दिवशी मोर्चा जाहीर केला होता, तरी ते मागे हटले नाहीत. जुलैत, शहरोशहरी दंगली चालू असता, त्यांचे 'घोस्ट टाऊन' पहिल्या क्रमांकावर होते. बेकारीने ओस पडलेल्या गावाचे ते गाणे आजही अंगावर काटा आणते.

दुसरा आक्षेप एकसुरीपणाचा व पोरकटपणाचा. तो अंशतः मान्य. लागोपाठ दहा गाणी ऐकली की कान थकतात, आणि १९९० च्या दशकातील कित्येक अमेरिकन वाद्यवृंदांनी त्याची नुसती थट्टा करून ठेवली. परंतु 'स्कॅटलाइट्स' मधील डॉन ड्रमंडचा ट्रॉम्बोन ऐकावा. त्या उड्या मारणाऱ्या ठेक्यावर केवढी उदासी तरंगत असते!

आपल्या पूर्वजांनी शेजाऱ्यांच्या कीर्तनाचा साज घेऊन त्यात योसेफ-मोशेची आख्याने बसविली. कॉव्हेंट्रीच्या पोरांनीही उसन्या ठेक्यात आपल्या गावाचे दुःख सांगितले. तेव्हा काही श्रोत्यांच्या पापासाठी संगीताला शिक्षा नको. ज्यांनी पूर्वी रेडिओ बंद केला, त्यांनी 'घोस्ट टाऊन' एकदा मुलानातवंडांसोबत बसून ऐकावे, आणि तो का बंद केला होता, हेही त्यांना सांगावे.