हात आणि बटण : एका व्हिडिओ खेळाच्या दोन आवृत्त्या

व्हिडिओ खेळांच्या समीक्षेत नियंत्रणपद्धतीचा विचार बहुधा एका द्वंद्वाच्या रूपाने मांडला जातो. खेळाडूने हात फिरवावा आणि पडद्यावरील पात्राने तलवार फिरवावी, ही पद्धती नैसर्गिक. अंगठ्याने बटण दाबावे आणि पात्राने वार करावा, ही कृत्रिम. एका पक्षास पहिलीत खेळाचे भवितव्य दिसते, तर दुसऱ्यास तीत केवळ नवलाई दिसते. हे पक्ष परस्परविरोधी असले तरी त्यांचे गृहीतक एकच आहे : संकेताचे मूल्य त्याच्या सादृश्यावर अवलंबून असते. हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

बटण आणि वार यांचा संबंध यादृच्छिक होय. फर्दिनां द सोस्यूर यांनी शब्द आणि अर्थ यांच्या संबंधाविषयी जे प्रतिपादन केले, ते येथेही बव्हंशी लागू पडते. बव्हंशी म्हणण्याचे कारण असे की, गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये योजिलेल्या फुलीच्या आकाराच्या दिशादर्शक बटणात उजवी बाजू दाबली असता पात्र उजवीकडेच जाते. म्हणजे बटणातही सादृश्याचा अंश असू शकतो. भाषेच्या अभ्यासकास मात्र सादृश्याहून निराळा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : कोणता भेद अर्थभेदक आहे? मराठीत 'काल' आणि 'खाल' ह्यांतील अल्पप्राण-महाप्राण भेदाने अर्थ पालटतो. इंग्रजीत 'पिन' ह्या शब्दाच्या आरंभीचा 'प' महाप्राणयुक्त उच्चारला जातो, 'स्पिन'मधील तसा उच्चारला जात नाही; तथापि त्या भेदावर कोणताही अर्थभेद आधारलेला नाही. एका व्यवस्थेत जो भेद बोलका, तोच दुसरीत मुका.

निन्टेन्डो कंपनीच्या 'झेल्डा' मालिकेस ही कसोटी लावून पाहता येते. 'ट्वायलाइट प्रिन्सेस' हा खेळ २००६ मध्ये गेमक्यूब आणि वी ह्या दोन यंत्रांसाठी प्रसिद्ध झाला. गेमक्यूबवर वारासाठी बटण होते. वीवर हातातील नियंत्रक झटकावा लागे. मालिकेचा नायक लिंक हा परंपरेने डावखुरा. बहुसंख्य खेळाडू उजव्या हाताचे. दोघांचा मेळ बसावा म्हणून वीच्या आवृत्तीत संपूर्ण जगच आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटविण्यात आले. सादृश्यासाठी एवढा खटाटोप झाला खरा. परंतु नियंत्रक डावीकडून झटकला की उजवीकडून, ह्याने वारात फरक पडत नसे. हात हलला, एवढेच यंत्रास पुरेसे होते. हालचालीतील दिशेचा भेद येथे मुका होता. हात फिरविणे हे बटण दाबण्याचेच एक श्रमसाध्य रूप ठरले.

२०११ मधील 'स्कायवर्ड सोर्ड' ह्या खेळाची रचना ह्याहून मूलतः भिन्न आहे. वीच्या नियंत्रकास २००९ पासून मोशनप्लस ह्या जायरोस्कोपयुक्त साधनाची जोड मिळाली होती, आणि ह्या खेळास ती अनिवार्य होती. त्यामुळे हाताचे वळण यंत्रास कळू लागले. एक मांसाहारी वनस्पती जबडा कधी आडवा उघडते, कधी उभा. वारही त्यानुसार आडवा किंवा उभा करावा लागतो. गिराहिम हा प्रतिस्पर्धी नायकाच्या तलवारीवर नजर ठेवून असतो, आणि त्याचा हात जेथे असेल तेथून केलेला वार व्यर्थ जातो. येथे दिशा अर्थभेदक झाली. ह्या अर्थभेदाची किंमतही होती : तलवार एका बाजूकडून दुसरीकडे नेण्याची निव्वळ तयारी यंत्र कधी कधी वार म्हणून वाचे. बोलण्यापूर्वीचा श्वासच कुणी शब्द म्हणून ऐकावा, तसा हा प्रकार होता.

ह्याच खेळाची सुधारित आवृत्ती २०२१ मध्ये स्विच यंत्रावर आली, आणि तीत हालचालीच्या जोडीने बटणांची पद्धतीही उपलब्ध झाली. बटणांच्या पद्धतीत उजवी दांडी अंगठ्याने ज्या दिशेस झटकावी, त्या दिशेने तलवार चालते. सादृश्य जवळजवळ लोपले. दिशाभेद मात्र शिल्लक राहिला. जबड्याचे कोडे, गिराहिमचे आव्हान, सर्व शाबूत. ह्यावरून असे दिसते की, त्या खेळाचा सांगाडा हाताच्या अनुकरणावर उभा नव्हता. तो दिशांच्या विरोधव्यवस्थेवर उभा होता. नव्या पद्धतीतही एक अडचण उद्भवली. उजवी दांडी तलवारीस दिल्यामुळे दृश्याचा कोन वळविण्यासाठी दुसरे बटण दाबून धरून तीच दांडी वापरावी लागते. एका संकेतावर दोन अर्थांचा भार पडला, आणि प्रत्येक वेळी संदर्भ सांगणे भाग पडले.

मग हरपले ते काय? तलवारीत शक्ती भरण्यासाठी नायक ती आकाशाकडे उंचावतो. मूळ आवृत्तीत खेळाडूचाही हात त्याबरोबर वर जातो. दुसरीत अंगठा किंचित वर सरकतो. अर्थ तोच पोहोचतो, परंतु शरीरास येणारा वीरत्वाचा अनुभव पोहोचत नाही. भरताच्या परिभाषेत पहिली पद्धती लोकधर्मीकडे झुकते, दुसरी नाट्यधर्मीकडे. आणि ह्या दोहोंनाही नाट्यशास्त्रात स्थान आहे. ही हानी खरी आहे व ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण तिच्या पारड्यासमोर दुसरे पारडेही आहे. ज्याचा खांदा उचलत नाही किंवा मनगट वळत नाही, त्याच्यासाठी मूळ आवृत्तीचे द्वार बंदच होते. 'नैसर्गिक' हे विशेषण लावताना कोणाचे शरीर प्रमाण मानले, हा प्रश्न समीक्षेने बहुधा विचारलेलाच नाही.

तात्पर्य, हात श्रेष्ठ की बटण, हा वाद मुळातच चुकीच्या जागी उभा आहे. कोणत्या भेदांना खेळ अर्थ देतो, कोणते भेद मुके ठेवतो, आणि त्या भेदांचा उच्चार कोणाकोणाला शक्य होतो, ह्या तीन प्रश्नांनी नियंत्रणपद्धतीची परीक्षा व्हावयास हवी. 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधील हालचाल पहिल्याच प्रश्नात अनुत्तीर्ण होते. 'स्कायवर्ड सोर्ड' पहिल्या दोहोंत उत्तीर्ण होतो, आणि तिसऱ्याचे उत्तर देण्यास त्याला दहा वर्षे लागतात.