काम ‘हलकं’ कुणी ठरवलं?

‘समान कामाला समान वेतन’ म्हटलं की आपलं लक्ष वेतनाकडे जातं. माझं भांडण ‘समान’ या शब्दाशी आहे. दोन कामं समान आहेत, हे ठरवतं कोण?

मुंबईचं प्रकरण घ्या. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या. पुरुष स्टेनोग्राफर तसंच काम करत, पगार मात्र जास्त घेत. 1976 च्या समान वेतन कायद्याखाली बाई लढल्या. कंपनीचं म्हणणं काय, तर साहेबांच्या दिमतीच्या या लेडी स्टेनोंचा वर्गच निराळा, त्यात पुरुष नाहीतच, मग भेदभाव कसला? गंमत पहा! आधी बायकांचा वेगळा कप्पा करायचा आणि कप्प्यात पुरुष नाही म्हणून हात झटकायचे. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलेलं. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही यात मार्क मिळणार नाहीत.

सुप्रीम कोर्टाने 1987 मध्ये हा बचाव फेटाळला. युनियनशी करार झालाय, कंपनीची ऐपत नाही, हेही ऐकलं नाही. पदाच्या नावावर जाऊ नका, प्रत्यक्ष काम बघा, किरकोळ फरक उगाळू नका, ही त्या निकालाची दृष्टी. तिच्याबद्दल मला आदर आहे.

पण त्याच निकालपत्रात जाता जाता एक विधान येतं. ओझी उचलणं, माल चढवणं-उतरवणं अशी जड कामं बायकांना जमणारी नाहीत, तिथे लिंगभेदाचा प्रश्न येत नाही, अशा अर्थाचं. इथे माझा वाद आहे. खापरखेड्यातून बाहेर पडा, कुठल्याही बांधकामावर बघा. रेतीचं घमेलं डोक्यावर घेऊन माळा चढतं कोण? शेतात या. डवरणं, फवारणं ‘जड’, म्हणून गड्याची मजुरी जास्त. दिवसभर कंबर मोडून निंदण करणं ‘हलकं’, कारण ते बाईचं. वजन कुणी केलं होतं? बाईच्या हातात गेलं की काम हलकं होतं, एवढंच त्याचं माप. आणि निंदणाच्या टोळीत सगळ्या बायाच असल्या तर कायद्याला तुलनेसाठी पुरुषच सापडत नाही. म्हणजे कंपनीचा तो कप्पा कोर्टात मोडला, शेतात शाबूत राहिला.

जुन्या कायद्यात समानतेच्या कसोट्या होत्या कौशल्य, श्रम आणि जबाबदारी. 2019 च्या वेतन संहितेने त्यात ‘अनुभव’ घातला. वरवर निरुपद्रवी शब्द. पण बाळंतपणात, घरच्या आजारपणात नोकरी सुटते कुणाची? तिची वर्षं कमी भरणार, आणि तो फरक कायदेशीर ठरायला वाट मोकळी.

डिकॉस्टाबाईंची नोकरी 1977 मध्ये गेली, अंतिम निकाल दहा वर्षांनी लागला. म्हणून मी म्हणतो, कामाचं मोजमाप तक्रारीच्या आधी व्हावं, दर लावतानाच. आणि मोजणाऱ्यांत ते काम करणारी बाई बसलेली असावी. नुसती सहीपुरती नाही, दर बोलायला.

वेळ झालाय. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशी हात वर केला होता, त्यांना आधी बोलू द्या.