‘शेतकऱ्याचा असूड’ : वाक्यरचना आणि अर्थविचार

जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथाकडे अर्थशास्त्राचे विद्यार्थी अवतरणांचे कोठार म्हणून पाहतात. लोकल फंडाविरुद्ध एक उतारा, जंगल खात्याविरुद्ध दुसरा. एवढ्यावर प्रबंधाचे काम भागते. परंतु या ग्रंथातील अर्थविचार सुट्या मतांपेक्षा वाक्यरचनेत अधिक आहे. जोतीरावांचे वाक्य लांबत जाते, ‘करून’, ‘घेऊन’ अशा धातुसाधितांची माळ लागते आणि मुख्य क्रियापद येईपर्यंत सरकारी कामगार, सावकार, कोर्टकचेरी हे सारे एकाच व्यवहारात गुंतलेले दिसतात. १८७५ च्या दंग्यांनंतर आलेल्या १८७९ च्या कायद्याने प्रामुख्याने कूळ व सावकार यांच्यातील कर्जव्यवहार हाती घेतला. जोतीरावांच्या वाक्यात तो दोघांपुरता उरतच नाही. त्यांच्या आधीच्या लेखनातील व्याकरणदोषांची निबंधमालाकारांनी थट्टा केली. (‘असूड’ पाहण्यास चिपळूणकर हयात नव्हते.) दोष आहेतच, पण वाक्य का लांबते, हा प्रश्न त्या टीकेत उपस्थित होत नाही.

मात्र एके ठिकाणी ही भाषा विचारालाच आखडते. ‘भट कामगार’ या प्रयोगात अधिकारपद आणि जात एकजीव होतात. १८७५ साली सुप्यास रोष ओढवला तो मुख्यत्वे मारवाडी व गुजर सावकारांवर. जोतीराव त्यांना वगळत नाहीत, तरी कारणमीमांसेचा भार त्या एका विशेषणावरच पडतो. कलेक्टरच्या छावणीतून निघालेला शेतकरी स्वतःशी पुटपुटू लागतो, तेथे मात्र लेखक बाजूला सरतो, आणि ग्रंथातील सर्वांत भक्कम पुरावा तोच ठरतो.