इंग्रजीतील ‘झेड’ : वर्ण आणि ध्वनी

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’ नाटकात केंट ऑस्वाल्डला ‘झेड’ असे संबोधून त्याचा अपमान करतो; ते अक्षर अनावश्यक आहे, हा त्यातील दंश. वर्णापुरता हा शेरा मान्य केला, तरी ध्वनीच्या बाबतीत तो टिकत नाही. ‘इज’, ‘वॉज’, ‘रोझ’, ‘डॉग्ज’ या सर्व शब्दांत अंत्य ध्वनी घोष आहे. लेखन मात्र ‘एस’चे. मराठीतही दोन भिन्न ध्वनींना एकच ‘ज’ पुरतो. परंतु तेथे दुसरे चिन्ह उपलब्धच नाही. इंग्रजीत ते असून वापरले जात नाही.

‘ऑर्गनाइझ’मध्ये ऑक्सफर्डचे कोशकार ग्रीक प्रत्ययाला अनुसरून ‘झेड’ लिहितात, ‘अ‍ॅनलाइझ’मध्ये ‘एस’. कारण तेथे तो प्रत्ययच नाही. अमेरिकन लेखनात दोन्हीकडे ‘झेड’च येतो. तो व्युत्पत्तीला सोडून असला, तरी उच्चाराला धरून आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

खरी अडचण स्कॉटिश नामांची. तेथील हस्तलिखितांतील ‘योख’ या अक्षराचा खिळा मुद्रकांपाशी नसल्याने त्यांनी आकृतिसाम्यामुळे ‘झेड’ वापरला. परिणामी ‘मेंझीज’ असे लिहिलेले नाव स्कॉटलंडमध्ये परंपरेने ‘मिंगिस’ असे उच्चारले जाते, आणि ‘डॅल्झील’ हे ‘डीएल’ असे. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझीज यांच्या नावात मात्र मुद्रकाचा ‘झेड’च उच्चारात रूढ झाला.