मृत्यूची आठवण आणि हक्कांचा हिशोब

मृत्यू आणि आखिरत या विषयांवर आपल्या समाजात लिखाणाला तोटा नाही. उर्दू पुस्तकांच्या दुकानांत कब्रीचा अजाब, दोजखचे साप-विंचू यांची वर्णने असलेल्या स्वस्त पुस्तिका सहज मिळतात. अनेक बयानांचा सूरही तोच असतो. उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना त्याचा परिणाम मी पाहते. मुलांना दोजखचे वर्णन तोंडपाठ असते. पण मित्राची घेतलेली पेन्सिल परत करणे हीसुद्धा आखिरतची तयारी आहे, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. म्हणूनच या विषयावरील एका थोर ग्रंथाकडे पुन्हा वळण्याची गरज वाटते.

इमाम गझाली (१०५८-११११) यांच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये एकूण ४० प्रकरणे आहेत. त्यांतले शेवटचे प्रकरण मृत्यूचे स्मरण आणि त्यानंतरची स्थिती यांवर आहे. १०९५ साली बगदादच्या निजामिया मदरशातील मानाची जागा गझालींनी सोडली. आपले शिकवणे अल्लाहसाठी आहे की नावलौकिकासाठी, हा प्रश्न त्यांना छळत होता. त्यामुळे या लेखनात कोरडा उपदेश नाही. लिहिणारा आधी स्वतःला तपासतो आहे.

गझाली माणसांचे तीन प्रकार करतात. दुनियेत बुडालेला माणूस मृत्यूचे नाव टाळतो. तौबा करणारा मृत्यूला भितो, पण तयारी अपुरी आहे म्हणून. आणि आरिफ त्याची वाट पाहतो, कारण ती आपल्या रबच्या भेटीची वेळ आहे. भीती ही येथे एक पायरी आहे, मुक्काम नव्हे. आपल्या पुस्तिका नेमक्या या पायरीवरच थांबतात.

मृत्यू म्हणजे काय, हे सांगताना गझाली फार साधा दाखला देतात. अर्धांगवायू झालेला हात हुकूम मानत नाही. मृत्यू म्हणजे सगळ्याच अवयवांनी असा हुकूम मोडणे. रूह मात्र राहते, जाणत राहते. हे मराठीत सांगताना शब्दाची अडचण येते. 'आत्मा' म्हटले की पुनर्जन्माची कल्पना सोबत येते. रूह अल्लाहने निर्माण केलेली आहे आणि तिला दुनियेत एकदाच यायचे आहे. म्हणून मराठीत लिहितानाही 'रूह' आणि 'नफ्स' हे शब्द ठेवावेत, असे मला वाटते. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठी ओवीत लिहिला. या भाषेला असा विषय जड नाही, याचा तो पुरावा आहे.

तयारी कशी करायची, याचे उत्तर 'इह्या'च्या ३८व्या प्रकरणात आहे. नफ्सला व्यापारातला भागीदार समजा, असे गझाली सुचवतात. सकाळी त्याच्याशी अटी ठरवा, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवा, रात्री हिशोब घ्या. शेवटच्या प्रकरणात या हिशोबाचे खरे स्वरूप कळते. कयामतच्या दिवशी फिर्यादी उभे राहतील: ज्यांना आपण फसवले, ज्यांची निंदा केली, ज्यांचा पैसा दाबला ते. नमाज-रोजाचे पुण्य त्यांना वाटून द्यावे लागेल. मला हा ग्रंथाचा गाभा वाटतो. बहिणीचा वारसाहक्क, बायकोचा मेहर, मजुराची मजुरी यांचे आपण काय करतो? मय्यतीच्या घरी आखिरतचे बयान ऐकून उठलेली माणसे चाळिसाव्याच्या आत बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. तेव्हा कमी पडलेली असते ती भीती नव्हे, हिशोबाची सवय.

ग्रंथात उणिवाही आहेत. गझालींनी घेतलेल्या अनेक हदीसी कमजोर आहेत. जैनुद्दीन इराकी (मृत्यू १४०४) यांनी 'इह्या'तील हदीसींची छाननी करून तसे नोंदवले आहे. मृत्युसमयीचे किस्से आणि मृतांविषयीची स्वप्नेही भरपूर आहेत. आजचा शिक्षित वाचक तिथे अडखळतो. हा भाग छाननी हाताशी ठेवूनच वाचावा. पुस्तिकाकारांनी मात्र बहुधा असेच भयचकित करणारे किस्से उचलले आणि विचार मागे ठेवला.

त्यांनी वगळलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ग्रंथाचा शेवट. दोजख आणि जन्नत यांची वर्णने झाल्यावर गझाली शेवटचे पान अल्लाहच्या रहमतच्या विशालतेला देतात, आणि शुभसूचक म्हणून आपण असा शेवट करत आहोत, हेही सांगतात. सगळा हिशोब मांडून झाल्यावर त्यांनी आशेला जागा ठेवली. मुलांना आखिरत शिकवायची तर हक्कांचा हिशोब आणि रहमतची आशा या दोन्ही गोष्टी एकत्र शिकवायला हव्यात. त्यासाठी या प्रकरणाचा छाननी केलेला, टिपांसह मराठी अनुवाद हवा. आपल्यातल्या जाणत्या अनुवादकांनी हे काम हाती घ्यावे.