आयर्न मेडनचे तीन गिटारवादक : एक तुलना

हेवी मेटलविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा बहुधा वेग आणि गोंगाट यांपुढे चर्चा जात नाही. एकाच बँडमधले दोन वादक वेगळे कसे बोलतात, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बासवादक स्टीव्ह हॅरिसने १९७५ साली पूर्व लंडनमध्ये स्थापन केलेला आयर्न मेडन अशा तुलनेला सोयीचा आहे.

डेव्ह मरेच्या एकलवादनात पिकचा आघात कमी ऐकू येतो. डाव्या हाताची बोटे तारेवर आपटून आणि तारेवरून खेचून तो स्वर काढतो. सतारीतल्या कृंतनाच्या जवळची ही क्रिया आहे. तिने स्वरांमधल्या फटी बुजतात आणि सारे वाक्य एका श्वासात वाहते.

१९८० साली आलेला एड्रियन स्मिथ हा त्याचा शाळकरी वयापासूनचा मित्र. पण वादनाची प्रकृती निराळी. स्मिथचे एकलवादन आधी रचल्यासारखे वाटते. तो थांबतो, तार ताणून स्वराला मुक्कामावर नेतो, मगच पुढे सरकतो. ‘वेस्टेड इयर्स’ (१९८६) ही त्याचीच रचना. तिच्या आरंभी मोकळ्या तारेचा स्वर आधारासारखा वाजत राहतो आणि चाल त्याच्यावर उभी राहते. दोघे एकच चाल षड्ज-गंधाराइतक्या अंतराने एकत्र वाजवतात, तेव्हा हे भेद मुद्दाम झाकलेले असतात. एकलवादन सुरू झाले की ते उघडे पडतात. मेडनच्या संगीतातले नाट्य मला इथे दिसते.

१९९० साली स्मिथ बाहेर पडला आणि यानिक गर्स आला. ‘द ईव्हिल दॅट मेन डू’मधले १९८८चे एकलवादन स्मिथचे, ‘अ रिअल लाइव्ह वन’ (१९९३) या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात ती जागा गर्सकडे आहे. स्मिथ विराम देतो तिथे गर्स धाव घेतो. त्याचे स्वर एकमेकांवर आदळतात, क्वचित अर्धवट सुटतात. चाहते याला ढिसाळपणा म्हणतात. मला त्यात नक्कल करण्यास दिलेला नकार ऐकू येतो. मात्र त्याची किंमतही आहे : मूळ वाक्याची बांधणी हरवते.

१९९९ साली स्मिथ परतला, तरी गर्सला काढले नाही. १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईतून सुरू झालेल्या जगदौऱ्यात, मुख्यतः ऐंशीच्या दशकातली, दोन गिटारींसाठी रचलेली गाणी हे तिघे वाजवत होते. तिसऱ्या गिटारीने पोत भरदार होतो. पण मरे आणि स्मिथ यांच्यामधली मोकळी जागा अरुंद होते, असे माझे मत आहे. गर्सचे खरे योगदान या भरावात शोधू नये. दुसऱ्याच्या जागेवर उभे राहूनही वादकाचा हात स्वतःचाच राहतो, हे त्याने नव्वदच्या दशकात दाखवले. स्मिथचे मोल नेमके कशात होते, हेही त्यामुळेच स्पष्ट ऐकू आले.