पाच मिनिटांचे भाषण, रात्रभरचे सोंग

विद्यापीठाच्या युवक महोत्सवात वक्तृत्वाला पाच मिनिटे मिळतात, मूकनाट्याला पाच, प्रहसनाला दहा आणि एकांकिकेला तीस. नंदुरबार जिल्ह्यातल्या तळोद्यासारख्या गावात महाविद्यालयीन मुलांचे बोलण्याचे आणि अभिनयाचे बहुतेक शिक्षण या चार आकड्यांत बसवलेले असते. हा महोत्सव, म्हणजे ‘युवारंग’, जवळ आला की मराठीच्या एखाद्या प्राध्यापिका मुले निवडतात, तासिका संपल्यावर बाकडी भिंतीला लावून तालमी घेतात. संघ जाऊन येतो आणि पुढच्या वर्षापर्यंत ती बाकडी जागची हलत नाहीत. ही मंडळी स्वतःचा वेळ आणि पुष्कळदा पदरचे पैसे घालून हे करतात, म्हणून त्यांच्याविषयी मनात आदर आहे. तक्रार आहे ती या शिक्षणाची दिशा स्पर्धेने ठरवली याबद्दल.

1990 साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. त्याआधी हा सगळा मुलूख पुणे विद्यापीठाच्या कक्षेत होता. 1998 साली नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. केंद्र पुण्याहून जळगावला आले, पण कसोटी पुण्याचीच राहिली. वक्तृत्वाच्या व्यासपीठावर ती लगेच कानाला कळते. मुलगा किंवा मुलगी येते, दोन्ही हात बांधते, एक सुभाषित, दोन शेर, विवेकानंदांचे एक वाक्य, मग आवाज चढवून समाजाला प्रश्न. भाषण दुसऱ्याने लिहिलेले आणि पाठ केलेले असते. ओळ विसरली की सगळे संपते, कारण बोलणाऱ्याकडे त्या विषयावर स्वतःचे वाक्यच नसते. त्यातून उच्चारांची धास्ती. अहिराणीत वाढलेल्या मुलाच्या तोंडी ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, वसावी आणि देहवाली या भिल्ल बोलींत ‘स’च्या जागी सहज ‘ह’ येतो. प्रमाण मराठीत बोलायचे तर हे उच्चार शिकायला हवेत, यात वाद नाही. पण ते शिकवताना आधीचे उच्चार चूक आहेत असे सांगितले जाते. ज्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार शंभरातले 69 लोक अनुसूचित जमातींचे आहेत, तिथे अशा शिकवणीने निम्म्याहून जास्त वर्ग गप्प बसतो.

तळोदा तालुक्याला भाषणाची केवढी परंपरा आहे! रांझणी-मोरवड परिसरातल्या गुलाम महाराजांनी 1930 च्या दशकात आदिवासींना दारू सोडायला सांगितले आणि एकमेकांना ‘आप’ म्हणून मानाने हाक मारायला शिकवले. त्यांच्या आरतीला डोंगरातून, गुजरातच्या हद्दीतून माणसे पायी येत. 1938 मध्ये ते गेले, पुढे भाऊ रामदास महाराजांनी ही चळवळ चालवली. ध्वनिक्षेपक नाही, छापील पत्रक नाही, ऐकणारे बहुतेक निरक्षर, तरी शब्द गावोगाव पोहोचला. तो कसा पोहोचला असेल? आरतीतली पुनरावृत्ती, लहान वाक्ये, ऐकणाऱ्याच्या घरातली भाषा आणि त्याच्या रोजच्या जगण्यात लगेच करता येण्यासारखी एकच गोष्ट. वक्तृत्वाचा उत्तम वर्ग याच्यावर महिनाभर चालेल. सत्तरच्या दशकात शहाद्याकडे भजने गाणारे अंबरसिंग महाराज भूमिहीनांच्या लढ्याचे वक्ते झाले, तोही याच परंपरेतला धडा. त्याच शहादा परिसरातल्या श्रमिक चळवळीत घडलेल्या वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता आदिवासीला मंचावर जागा न मिळण्याबद्दल आहे. ती अभ्यासक्रमात वाचली जाते, प्रश्नोत्तरांत येते. त्याच वर्गातल्या किती मुलांना मंचावर त्यांच्या बोलीत बोलू दिले जाते, हा त्या कवितेवरचा खरा स्वाध्याय आहे.

नाटकाची स्थिती याहून गुंतागुंतीची आहे. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे. या स्पर्धांनी महाराष्ट्राला नट, लेखक, दिग्दर्शक दिले, हे ऋण मान्यच करायला हवे. मात्र त्यांतून एक साचाही तयार झाला. पहिल्या मिनिटाला अंधार, मध्ये सामूहिक हालचाल, शेवटी धक्का आणि गोठलेले दृश्य. खानदेशातली महाविद्यालये हा साचा घेतात, पण त्यामागची वर्षभराची तालीम, प्रकाशयोजनेची सोय, नाटके पाहण्याची सवय त्यांच्याकडे नसते. मग महानगरातल्या फ्लॅटमधले नवरा-बायको अशी मुले उभे करतात, ज्यांनी फ्लॅट पाहिलेला नसतो. त्यांचा अभिनय कच्चा दिसतो तो या परकेपणामुळे. अभिनयाची कुवत त्यांच्यात पुरेपूर असते.

कारण हीच मुले लहानपणापासून रोडाली पाहत आलेली आहेत. भिल्लांचे हे लोकनाट्य अलीकडे ‘सोंगाड्या पार्टी’ या नावाने जास्त ओळखले जाते. गाणी, नाच, सोंगे, मध्येच चालू घडामोडींवर टोला, आणि रात्र सरेपर्यंत न हलणारा प्रेक्षक. सोंगाड्याला प्रेक्षक वाचता येतो. कुठे पेंग येतेय, कुठे हसू लांबवायचे, कुठे गाणे टाकायचे हे त्याला जागेवर ठरवावे लागते. नाट्यशाळेत याला उत्स्फूर्त अभिनय म्हणून वेगळा विषय असतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीत बावा आणि बुध्या बनणारे तरुण व्रताचे नियम पाळून, अंग रंगवून, कमरेला भोपळे बांधून रात्रभर नाचतात. देहाची ती शिस्त मूकनाट्याच्या कुठल्याही शिबिरात सहज मिळणार नाही. महोत्सवात मात्र होळीचे नृत्य ‘लोकनृत्य’ या रकान्यात जाते आणि नाटकाच्या रकान्याशी त्याचा संबंध येत नाही. व्रताच्या गोष्टी रंगमंचावर कितपत आणाव्यात याचा निर्णय त्या समाजाचाच आहे. सोंगाड्याला पाहुणा शिक्षक म्हणून वर्गात बोलावायला मात्र कुणाची हरकत नसावी.

माझ्या मते खरी संधी आहे ती रेडिओत, आणि तिथेच सर्वांत कमी काम झाले आहे. आकाशवाणीचे जळगाव केंद्र 1976 पासून खानदेशाला ऐकवत आले. 28 एप्रिल 2023 रोजी देशात 100 वॅटची 91 एफएम प्रक्षेपण केंद्रे एकाच दिवशी सुरू झाली, त्यांत नंदुरबार होते. पण प्रक्षेपक बसवला म्हणजे गावाचा आवाज त्यातून येऊ लागतो असे नाही. तो येण्यासाठी स्टुडिओ, निवेदक आणि बोलीत लिहिणारा माणूस लागतो. शैक्षणिक संस्थांना स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवण्याची मुभा 2002 पासून आहे. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने 2004 मध्ये सुरुवात केली, पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ त्यानंतर आली. 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली आणि साताऱ्याच्या दुष्काळी म्हसवडमध्ये ‘माणदेशी तरंग वाहिनी’ उभी राहिली. अशा केंद्राला 100 वॅटची मर्यादा असते, निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून करावे लागतात, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. सपाटीवर दहा-पंधरा किलोमीटर आवाज जातो. चांदसैली घाटाच्या वर तो जाणार नाही, पण तळोदा शहर, आठवडे बाजार, सोमावलसारख्या सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती आणि आसपासचे पाडे यांना एवढे पुष्कळ आहे.

परवाना आणि पैसा हा लांबचा प्रश्न. शिक्षण त्याआधी सुरू होऊ शकते. रेडिओ कानासाठी लिहायला शिकवतो. वाक्य एका श्वासात संपले पाहिजे, आकडा दोनदा सांगितला पाहिजे, डोळ्यांसमोरची वस्तू शब्दांनी उभी केली पाहिजे. आपल्याकडे निवेदन म्हणजे गोड आवाज आणि अलंकार अशी समजूत घट्ट बसली आहे, त्यामुळे सूत्रसंचालनाच्या कार्यशाळांत चारोळ्यांच्या वह्या भरतात. सिकलसेलची तपासणी कुठे आणि कधी आहे, वनहक्काच्या दाव्याला कोणते कागद लागतात, आदिवासी प्रकल्प कार्यालयातली वसतिगृहाच्या अर्जाची मुदत कधी संपते, हे वसावीत नव्वद सेकंदांत सांगून दाखवणे फार अवघड आहे. ज्याला ते साधले त्याला वक्तृत्वही साधेल. आज मोबाइलवर ध्वनिमुद्रण आणि संपादन दोन्ही होते, पंखा बंद करून, खिडकीला गोधडी लावून वर्गाचा स्टुडिओ होतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने कौशल्याच्या विषयांना आणि सहअभ्यासक्रमाला श्रेयांक दिले आहेत. म्हणजे या कला आता हौशीच्या राहिलेल्या नाहीत, गुणपत्रिकेत आल्या आहेत. त्या श्रेयांकांसाठी चाळीस पानांचा प्रकल्प, स्पायरल बाइंडिंग आणि तोंडी परीक्षा असा नेहमीचा रस्ता धरला तर ही संधी कागदातच जिरेल. त्याऐवजी विद्यार्थ्याने दहा मिनिटांचा एक कार्यक्रम आपल्या बोलीत करावा, तो एखाद्या पाड्यावर नेऊन लोकांना ऐकवावा, त्यांना काय समजले ते त्यांच्याच आवाजात मुद्रित करून आणावे, आणि मग दुरुस्त करून पुन्हा ऐकवावा. गुण त्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाला द्यावेत. परीक्षक म्हणून एका बाजूला प्राध्यापक बसावेत, दुसऱ्या बाजूला त्या पाड्यावरची एखादी बाई आणि एखादा सोंगाड्या, आणि या दोघांचे गुण प्राध्यापकांच्या गुणांइतकेच मोजले जावेत.